अधिक महिन्यात बसलेलं चाक

माझे पाय पितळेच्या परातीत होते, थोरले मेव्हणे ते धूत होते, आणि नेमकी त्याच वेळी अंगणापलीकडे उभी असलेली आमची कॅरॅव्हॅन मला एका बाजूला कलताना दिसली.

पहिल्यांदा वाटलं, मीच कललो असेन. खर्ड्याजवळच्या माझ्या सासरवाडीत अधिक महिना आला की जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. पाटावर बसवतात, पाय धुतात, गंध लावतात, डोक्यावर टोपी आणि गळ्यात उपरणं घालतात. जावई म्हणजे त्या दिवसापुरता प्रत्यक्ष विष्णू. सासरे गेल्यापासून पाय धुण्याचं काम थोरल्या मेव्हण्यांकडे आलं आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठा, उन्हातान्हात राबणारा माणूस माझी बोटं एकेक करून पुसतो आणि मी, शाळेत गणित शिकवण्यापलीकडे काही न केलेला माणूस, ती पुसून घेतो. मला इतकं ओशाळल्यासारखं होतं की मी त्यांच्याकडे बघतच नाही. समोर कुठेतरी बघतो. त्या दिवशी ओसरीवरून समोर कडुनिंबाखाली जीप आणि तिच्या मागे जोडलेली पांढरी कॅरॅव्हॅन दिसत होती. कीर्तनात म्हातारं माणूस डुलकी घेताना झुकतं, तशी ती दाराच्या अंगाला झुकत चालली होती.

चाक बसलं होतं. सकाळी येताना शेताच्या वाटेवर वेड्या बाभळीचा काटा घुसला असणार आणि हवा तेव्हापासून हळूहळू जात असणार. पण हे तिथे बसून मोठ्याने सांगायची सोय नव्हती. का नव्हती, ते आधी सांगतो.

आम्ही राहुरीजवळ राहतो. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा बायकोच्या हौसेखातर ही छोटी कॅरॅव्हॅन आली. जीपच्या मागे जोडायची, दोनच चाकांची, आत एक पलंग, एक शेगडी, एक कपाट. आणि मागच्या कोपऱ्यात, कपाटाएवढ्याच जागेत, खुर्चीसारखा संडास. बायको तिला 'खोली' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मला मात्र सुरुवातीपासून टोचणी होती की दोन माणसांना एवढी चैन कशाला. शेजारी काय म्हणतील, म्हणून पहिले काही दिवस मी ती गोठ्यामागे उभी करत होतो. बायको म्हणाली, "कुणाच्या म्हशीनं दूध दिलं नाही तरी तुम्हाला वाटतं तुमच्यामुळेच झालं." खोटं नाही ते.

सासूबाईंना आमच्याकडे मामी म्हणायची रीत आहे. या मामी कित्येक वर्षांत गाव सोडून कुठेही गेल्या नव्हत्या. राहात्याला त्यांची पाठची बहीण असते. दोघी रोज फोनवर बोलतात आणि रोज भांडतात. ही म्हणते तू ये, ती म्हणते तू ये. मामी लोकांना सांगायच्या, म्हशी हायेत, घर हाय, उन्हं लई हायेत. खरं कारण फक्त लेकीला माहीत होतं. मामींना साखरेचा आजार आहे, घडीघडी जावं लागतं, आणि गुडघे वाकत नाहीत. रस्त्यावरच्या हॉटेलात पाठीमागे जे काही असतं तिथे त्यांना बसता येत नाही. आणि थांबा म्हणायची लाज वाटते. म्हणून त्यांनी प्रवासच सोडला.

खोलीत खुर्चीसारखा संडास आहे हे बायकोने फोनवर सांगितलं, तेव्हा मामींनी आधी तिची उलटतपासणी घेतली.

"मंजी आपल्या मागं मागं संडास यील?"

"हो."

"मी पुढं जीपीत बसायचं, अन् लागली की थांबवायचं?"

"हो गं आई."

"कुनाला काय कळायचं न्हाई?"

"लोकांना वाटेल, खोली बघायला गेली."

"मग येती की!" मामी म्हणाल्या. नंतर लगेच आवाज बदलून म्हणाल्या, "पर एक. इतक्या वर्सांनी निघायचं तर निघताना नीट निघायचं. गाडी जरा जरी कुरकुरली, काय इपरीत झालं, तर मी उंबऱ्याभायेर पाय टाकायची न्हाई. मग मला कुनी म्हनायचं न्हाई चल म्हनून."

मामी शब्दाच्या पक्क्या आहेत. त्यांनी एकदा न्हाई म्हटलं की पुढचा अधिक महिना येईपर्यंत ते न्हाईच असतं. बेत असा ठरला होता की धोंडे खाऊन लगेच निघायचं, मुक्काम राहुरीला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राहाता. मामी पहाटेपासून नवं लुगडं नेसून तयार होत्या. आणि आता, निघायला थोडाच वेळ उरला असताना, ती खोली कलत होती.

मी ताटावर बसलो तेव्हा धाकटा मेव्हणा पाणी द्यायला वाकला. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे चाक असलेली जगातली कुठलीही वस्तू आपल्याला कळते असं त्याला वाटतं. मी कुजबुजलो, "अरे, खोलीचं चाक बसलंय. मामींना कळू देऊ नको."

त्याने मान न वळवता डोळा फिरवला. "आयला व्हय की! दाजी, तुमी गप जेवा. आमी बगतो."

"तसं नाही, त्याला पद्धत आहे. मी येतो."

"तुमी? अधिकात? जावयानं दारात जॅक लावला तर गाव आमच्या तोंडाव थुंकल. खावा तुमी."

तो थोरल्यांच्या कानाशी लागला. थोरल्यांनी खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि देवाला करतात तसा मला लांबून हात जोडून इशारा केला की बसा. मग दोघं भाऊ, शेतात चक्कर मारायला निघाल्यासारखे, हात मागे बांधून अंगणात गेले.

धोंडे फार चांगले झाले होते. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून वाफवलेले, वरून तुपाची धार. मी एक तोंडात घातला आणि समोर बघून तो तसाच राहिला. थोरल्यांनी ट्रॉलीचा भलामोठा जॅक आणला होता आणि तो खोलीच्या फळीच्या तळाखाली सरकवत होते. तिथे खाली लोखंड नाही, नुसतं प्लायवूड आहे. तिथून उचललं तर जॅक सरळ आत, पलंगाखाली निघाला असता. धाकट्याला कोपऱ्यातला लोखंडी पाय सापडला होता. खोली उभी केल्यावर आत चालताना ती हलू नये म्हणून असे चार पाय असतात, हँडलने खाली करायचे. ते नुसते टेकायला असतात, उचलायला नाहीत. तो ते हँडल विहिरीचा रहाट फिरवावा तसं फिरवत होता. दुसऱ्या बाजूच्या चाकाला साधा दगडसुद्धा लावलेला नव्हता.

मी हात वर करून नको नको म्हणून खूण केली. धाकट्या मेव्हण्याची बायको तुपाची तपेली घेऊन उभीच होती. जावई नको म्हणतो म्हणजे लाजतो, असा तिथला नियम आहे. तिने आणखी दोन धोंडे वाढले. मी दोन्ही हात हलवले. तिने तूप ओतलं. बायको आतून पापड घेऊन आली आणि म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? वारं घालताय का?"

"चाक," मी तोंडातल्या पुरणातून म्हणालो.

तिने अंगणाकडे पाहिलं आणि पापड तिच्या हातातच मोडला. "आईला कळलं?"

"नाही. त्या आत तयारी करतायत ना?"

"आत कुठे? मला वाटलं, तुमच्याजवळ ओसरीवर आहे."

आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. खोलीच्या दारासमोरच्या पायरीवर मामींच्या चपला होत्या. नीट, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

आणि त्याच क्षणी धाकटा जीपला जोडलेली कडी सोडवायला पुढे गेला.

दोन चाकांच्या गाडीचं काय होतं, ते बैलगाडीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. मागे वजन आणि पुढे जू मोकळं, की गाडी उलाळते, पुढचं टोक आभाळाकडे जातं. खोली सरळ उभी आहे ती तिचं नाक जीपच्या कडीत अडकलेलं आहे म्हणून. संडास अगदी मागच्या कोपऱ्यात आहे. मामींचं वजन मी लिहीत नाही. त्यांना वाचून दाखवायला बसलो तर अवघड होईल.

मी ताटावरून उठलो. अधिक महिन्यातला विष्णू, अर्धा धोंडा टाकून, खरकट्या हाताने, उपरणं मागे उडवत, अनवाणी अंगणातून पळत सुटला. "कडी सोडू नका! मामी आत आहेत! हात काढ! हात काढ आधी!"

धाकट्याने चटका बसल्यासारखा हात काढला. थोरले जॅकचा दांडा धरून तसेच उभे राहिले. गोठ्याकडून दोन शेजारी आले, मग आणखी दोन. जावई जेवणातून उठून पळतो आहे ही बातमी गावात फार वेळ लपत नाही.

"आत?" थोरले पुटपुटले. "कवापासनं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दारावर हलकेच टकटक केली. "मामी?"

मी पुन्हा टकटक केली.

"मामी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय," आतून आवाज आला. अगदी बारीक. या बाईचा आवाज एरवी शिवाराच्या पलीकडे जातो.

"जरा बाहेर येता का?"

"न्हाई."

धाकट्याने माझ्या कानात तोंड घातलं. "दाजी, चाकाचं काढू नका. म्हना पानी भरायचं हाय टाकीत. म्हना साफ करायचीय. कायबी म्हना." सगळे माना हलवत होते. बायकोसुद्धा. शेजाऱ्यांपैकी एकाने सुचवलं, म्हणा आत साप शिरलाय. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

मी खरंच प्रयत्न केला. "मामी, ते, टाकीत पाणी..." एवढं म्हणालो आणि माझे कान तापले. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. बोललेलं खोटं मला मग आठवडाभर झोपू देत नाही. शिवाय त्या आत होत्या, खोली कललेली होती, आणि माझ्या हातात आपलं म्हणणं खरं करायला पाण्याचा एक थेंबही नव्हता. मी म्हणालो, "मामी, पाणी नाही. चाक बसलंय. खोली उचलून चाक बदलायचंय, आणि आत माणूस असताना ती उचलायची नसते. म्हणून बाहेर या."

सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मग मामी आतून म्हणाल्या,

"माज्यामुळंच झालं न्हवं?"

"काय?"

"मी बसली, अन् हळूहळू खाली जाया लागली. मला वाटलं उठावं, तर म्हनलं उठली अन् समदीच आडवी झाली तर? म्हनून बसून हाय तशीच. बापू, ऐन अधिकात तुमची खोली मोडली मी. आता भायेर कोन्त्या तोंडानं येऊ?"

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. मला वाटतं, थोरले. एवढा गंभीर माणूस जॅकच्या दांड्यावर कपाळ टेकून हसत होता. मग बायको पायरीवरच बसली. शेजारी हसले, ज्याने साप सुचवला होता तो तर निंबाच्या खोडाला धरून हसला. मी हसायला नको होतं, त्या बिचाऱ्या आत घामाघूम होऊन बसल्या होत्या. पण मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि खरकट्या हाताने ते पुसलं. तेव्हा पुरण भुवईला लागलं.

"हसताय काय मुडद्यांनो!" आता आवाज नेहमीचा आला. दार धाडकन उघडलं.

मी टायर चाचपला, काटा बोटाला लागला. तो दाखवला. "हे बघा मामी. तुम्ही नाही. हा."

मामींनी काटा बघितला आणि थोरल्या लेकाकडे मान वळवली. "वाटंवरली बाभळ तोड म्हनलं हुतं का न्हाई?"

"तोडतो की..."

"संक्रातीपासनं तोडतोय ह्यो."

बायकोने हात दिला, मामी उतरल्या, चपला घातल्या, निंबाखालच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, झालं. पण त्यांनी खोलीकडे एकदा बघितलं आणि चेहरा गंभीर झाला. "तरीबी इपरीत ते इपरीतच. निघायच्या आदी चाक बसलं. मी न्हाई यायची आता. त्या राहात्याच्या बयेला फोन लावा."

बायको माझ्याकडे बघू लागली. तिने कित्येक दिवस त्या प्रवासाची वाट पाहिली होती. मी म्हणालो, "मामी, चाक सगळ्यांचं बसतं. ते नीट बदललं जातं का, ते बघा. मग ठरवा."

मामींनी विचार केला. काठी आडवी मांडीवर घेतली. "बगती. पर ती वर उचलताना डुगडुगली, तर मी घरात जाऊन दार लावून घीन. न्हाई डुगडुगली तर यीन."

म्हणजे आता सगळं त्या जॅकवर आलं.

मी पुढे झालो, तसे थोरले आडवे आले. "पाव्हणं, तुमी हात लावायचा न्हाई. पाय धुतलेत तुमचं."

"अहो दादा, पण..."

"न्हाई मंजी न्हाई. घरी गेल्याव काय करायचं ते करा."

"मग बापू सांगतील, तुमी करा," मामी म्हणाल्या. "अन् ते सांगतील तसंच करा. आपली अक्कल चालवली त्याला ही काठी. अन् त्येंचं ताट हिकडं आना, अधिकात जावई अर्ध्या ताटावनं उठलेला चालत न्हाई."

असं माझं ताट निंबाखाली आलं. मामींच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून मला बसवलं. उजव्या हाताने धोंडे खायचे आणि डाव्या हाताने दाखवायचं. आयुष्यात मला कुणी इतका मान दिलेला नाही आणि तो मला इतका आवडेल असंही वाटलं नव्हतं. आवडल्याबद्दल थोडं वाईटही वाटलं, पण पुरण तोंडात असताना ते फार टिकलं नाही.

"जीप जोडलेलीच राहू दे," मी म्हणालो. "हँडब्रेक ओढा. जीपचाही, खोलीचाही. आणि जीप गिअरमध्ये टाक."

धाकटा गेला, आला.

"आता पलीकडच्या चाकाला उटी लावा. पुढून आणि मागून."

थोरल्यांनी दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे ठोकून बसवले. मग चारही कोपऱ्यांतले पाय वर घ्यायला लावले. धाकट्याला ते पटेना. "आवो, तेच्यावरच तर उचलत हुतो मी!"

"वाकले असते ते. वर घे."

"घे रं," काठी म्हणाली.

"आता उचलायच्या आधी नट थोडे ढिले करा. काढू नका, नुसते ढिले. चाक जमिनीवर आहे तोवरच ते सैल करायचे, नाहीतर वर गेल्यावर जोर लावताना खोली हलेल."

धाकट्याने पाना लावला आणि नेहमीच्या सवयीने पान्याच्या दांड्यावर उडी मारून उभा राहिला.

"उतर खाली!" मी आणि मामी एकदमच ओरडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे बरोबर.

जमीन सारवलेली, मऊ. म्हणून जॅकखाली जाड फळी घातली. ट्रॉलीचा जॅक बाजूला ठेवून माझाच छोटा जॅक काढायला लावला. तो आसाच्या लोखंडाला, चाकाजवळ, जिथे मी लाल रंगाचा ठिपका मारून ठेवला आहे तिथे लावायला सांगितला. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण बायको म्हणाली, "गणिताचा तास चाललाय."

"कुणी खाली वाकायचं नाही. हात नाही, पाय नाही, डोकं तर नाहीच. फिरवा. हळू."

जॅक चढू लागला. खोली कललेली होती ती अगदी संथपणे सरळ होऊ लागली. मामींनी काठी घट्ट धरली होती. मी त्यांच्याकडे न बघता चाकाकडे बघत होतो. टायर जमिनीवरून सुटला. अजून थोडं. अजून.

आणि खोलीच्या आत काहीतरी धडाडलं.

मामी उठून उभ्या राहिल्या. "डुगडुगली!"

धाकटा हात वर करून मागे सरकला, जसा काही पोलीस आला. थोरल्यांनी जॅकचा दांडा सोडला नाही, पण त्यांचा चेहरा उतरला. आत अजून काहीतरी गडगडत होतं, मग ते थांबलं. खोली मात्र जागची हलली नव्हती.

मला कळलं. तो सकाळपासून भरून ठेवलेला धोंड्यांचा डबा होता, मामींच्या बहिणीसाठी. आणि कपाटाची कडी लावायचं काम माझं.

"मामी, खोली नाही. डबा पडला," मी म्हणालो. "कपाटाची कडी मी लावली नव्हती. ही चूक माझी आहे. उचलायच्या आधी आत सगळं बंद आहे ना हे बघायचं असतं, ते मी बघितलं नाही."

बायकोने डोळे मिटले. इथे कबुली द्यायची काय गरज होती, असा तिचा चेहरा होता. पण मामी खोलीकडे एकटक बघत होत्या. मग चार पावलं पुढे गेल्या. "लांबूनच बघा," मी म्हणालो, आणि त्या खरंच थांबल्या. काठीचं टोक लांब करून त्यांनी खोलीच्या भिंतीला हलकं टोचलं. खोली हलली नाही. दुसऱ्यांदा टोचलं. हलली नाही.

"डबा पडला," त्यांनी सगळ्यांना जाहीर केलं. "गाडी न्हाई पडली." आणि परत येऊन बसल्या. "चालू द्या. बापू, तुमी खा, थंड हुतंय."

थोरल्यांनी आसाखाली, जॅकशेजारी, लोखंडी घोडी सरकवली, की जॅक सरकला तरी खोली तिच्यावर बसेल. मग नट निघाले, बसलेलं चाक निघालं, स्टेपनी चढली. नट घट्ट करताना मी त्यांना समोरासमोरचे घ्यायला लावले, एक इकडचा, एक तिकडचा.

"अशा उड्या मारत का?" मामींनी विचारलं.

"सगळीकडून सारखं बसावं म्हणून."

"बाज इनताना बी असंच ताणायचं असतंय," त्या समाधानाने म्हणाल्या. खोली खाली टेकली, नटांना शेवटचा पीळ बसला आणि मी ताटातला शेवटचा घास खाल्ला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साप सुचवणारा शेजारी म्हणाला, "जावयाची पंगत अन् पंक्चर एकदमच उरकलं." धाकटा काळ्या हातांनी मला ओवाळायला निघाला होता, त्याच्या बायकोने त्याला नळाकडे पिटाळलं.

मामी उठल्या. कुणाकडेही न बघता सरळ जीपकडे गेल्या आणि पुढच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. "आता का उभे हायेत समदे? चला की!"

जामखेडच्या अलीकडे मी जीप बाजूला घेतली. चाक बदलल्यावर थोडं अंतर गेलं की नट पुन्हा तपासायचे असतात. मामी म्हणाल्या, "थांबलोच हाय तर मी जाऊन येती." आल्या तेव्हा खूश होत्या. पुढे पुन्हा थांबवलं. मग पुन्हा. नगरच्या अलीकडे तर मला शंका आली, मी म्हणालो, "मामी, डॉक्टरकडे जायचं का? फार वेळा होतंय."

"लागली न्हवती वो," त्या म्हणाल्या. "पर थांबतीय म्हनल्याव थांबवावी वाटती." बायको मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहात्याला मावशी पेरूच्या बागेच्या तोंडाशीच उभ्या होत्या. हातात काठी, नाकावर चष्मा, मामींची जरा बारीक केलेली प्रत. मला वाटलं, इतक्या वर्षांनी भेटतायत, आता रडतील. मामी जीपमधून उतरल्या, बहिणीचा हात धरला आणि तिला तडक खोलीकडे घेऊन गेल्या. "आदी हिकडं ये. तुला दावती."

दार लागलं. आम्ही दोघं बाहेर. आतून मावशींचा आवाज आला.

"आगं, मंजी तुलाबी?"

"मंग तुला काय वाटलं, म्हशीसाठी बसून हुती मी घरात?"

"मी बी त्येच्यापाईच येत न्हवते की! माझं बी गुडघं. सांगायची लाज वाटायची. मला वाटायचं, थोरलीला गर्व झालाय, येत न्हाई."

"अन् मला वाटायचं तुला!"

मग जे हसू सुरू झालं ते बराच वेळ चाललं. खोली चक्क हलत होती. बायको पेरूच्या झाडाखाली उभी राहून हसत होती आणि रडतही होती. आणि मी, कशाबद्दलही वाईट वाटून न घेता, नुसता उभा होतो. हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

दार उघडलं. दोघी दारात उभ्या राहिल्या. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बापू, तिसरी बी एक हाय आमची. पैठणला असती. तीबी कुठं जात न्हाई. कवा निघायचं?"